दुसऱ्या ओळीआधीची खरखर

धाकटी वर्षभर एका ओळीसाठी भावाच्या मागे लागली होती, आणि भाऊ वर्षभर तिला एकच उत्तर देत होता, "अगं, खरखर आहे त्यात. स्वच्छ झालं की देतो."

ओळ बाबांची होती. बाबा जन्मभर गाऊन निरूपण करत आले. उभं राहायचं, डोळे मिटायचे, एक पद म्हणायचं आणि त्या पदाचं बोट धरून ऐकणाऱ्याला देवाच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं. ज्याने असं निरूपण मन लावून ऐकलंय त्याला ठाऊक आहे, की तिथून बाहेर पडल्यावर माणसाला थोडा वेळ तरी कुणाशी खोटं बोलवत नाही. थोडाच वेळ. पण तेवढंही काही कमी नाही.

शेवटच्या निरूपणात बाबांना उभ्या उभ्या एक पद सुचलं. ते कागदावर कधी आलंच नाही. दादाने समोर टेप लावून ठेवला होता म्हणून कॅसेटवर राहिलं, एवढंच. पुढे बाबांचा गळा बसला, मग पाय गेले, आणि ते धाकटीकडे राहायला आले. काही महिने हिच्याकडे, काही महिने दादाकडे असं दोघांत ठरलं होतं. हिच्याकडचे महिने कधीच उलटून गेले होते. दादा म्हणायचा, "रंगकाम होऊ दे, मग नेतो." रंगकाम झाल्यावर म्हणायचा, "वास जाऊ दे." तो वास काही जाता जात नव्हता.

शेवटच्या दिवशी बाबांना त्या पदाने पछाडलं. पहिली ओळ ओठांवर होती: *चालुन चालुन पाय दमले, गाव राहिले दूर.* त्याच्या पुढे गाडी सरकेना. सकाळपासून ते तीच ओळ कुजबुजत होते आणि दुसरीपाशी येऊन रस्ता चुकल्यासारखे गप्प होत होते. म्हणाले, "दादाला विचार. त्याच्याकडे कॅसेट आहे."

दुपारी धाकटीने फोन लावला. वाजून वाजून थांबला.

"कामात असेल, बाबा."

"पुन्हा लाव."

तिने त्यांना चमच्याने पाणी पाजलं आणि पुन्हा लावला. मग त्यांना कुशीवर वळवलं आणि पुन्हा लावला. शेवटी निरोप टाकला, 'बाबा विचारतायत. फोन उचल.' आणि बाबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "मी त्याच्याकडून विचारून सांगते हं तुम्हाला. नक्की सांगते." संध्याकाळी बाबा गेले. दुसरी ओळ न सापडताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला तो रडतच. "अगं, रेंजच नव्हती काल! आमच्या भागातला टॉवर दिवसभर बंद." धाकटीने विश्वास ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा, तिने तो प्रश्न घडी घालून वरच्या फळीवर टाकून दिला. बापाचं प्रेत समोर असताना भावाची उलटतपासणी कोण घेतं?

आणि दादाने तेव्हा जे केलं, त्याने तर सगळ्यांचेच डोळे भरून आले. त्याने खिशातून ती कॅसेट काढली आणि बाबांच्या उशाशी ठेवली. म्हणाला, "त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर जाऊ दे. माझ्यापुरता मी उतरवून घेतलाय, कालच दुपारी. तिकडे त्यांचा जीव निघायची तयारी करत होता आणि इकडे माझ्या खोलीत त्यांचा आवाज भरून राहिला होता. देवाची योजना, दुसरं काय!"

देवाच्या नावावर माणसं काय काय खपवतात, हे देवालाच ठाऊक. पण त्या वेळी ते कुणाच्या मनात आलं नाही. बाबांच्या ऐकणाऱ्यांत ही गोष्ट तोंडोतोंडी झाली. दादाही ती सांगत राहिला, आणि दर वेळी थोडी थोडी वाढत गेली. वर्षाच्या आत तिने चांगलं बाळसं धरलं.

*

बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी दादाने आपल्या घरी चार माणसांना बोलावलं. बाबांचं शेवटचं निरूपण सगळ्यांनी बसून ऐकायचं, असा बेत. धाकटी सकाळच्या बसने आली. तिच्या पिशवीत एक रिकामी पेनड्राइव्ह होती. स्वच्छ असो की नसो, आज प्रत घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ती ठरवूनच निघाली होती.

पुढच्या खोलीत दादाने जय्यत तयारी केली होती. टेबलावर जुना अॅम्प्लिफायर, दोन बाजूंना माणसाच्या कमरेएवढे स्पीकर, मध्ये तळहाताएवढा रेकॉर्डर, आणि या सगळ्यांना बांधणाऱ्या वायरींचा गुंता. अॅम्प्लिफायरवर बाबांचा फोटो. खुर्च्यांवर चादरी. सगळ्यांत पुढच्या खुर्चीत पेटीवाले काका. यांनी हयातभर बाबांच्या मागे पेटी धरली होती. आता कान गेले होते, आणि धाकटीनेच त्यांच्या कानाला मशीन बसवून दिलं होतं. तिचा तो रोजचाच धंदा. एका दवाखान्यात ती म्हाताऱ्यांच्या कानाला यंत्रं बसवायची, त्यांच्या सुनांना सेल बदलायला शिकवायची आणि प्रत्येकाला बजावायची, "फोन यंत्राला चिकटवू नका हो, कानात माशा घोंघावल्यासारखं होईल."

"काका, तुम्हाला तरी आठवते का ती दुसरी ओळ?" तिने आल्या आल्या त्यांना विचारलं. हेही ती वर्षभर विचारत होती.

"पोरी, मला सूर विचार," काका म्हणाले. "शब्दांचं खातं तुझ्या बापाकडे होतं. मी त्यात कधी हात घातला नाही."

वहिनी पाणी घेऊन आली. "आज तरी ऐकायला मिळू दे बाई सबंध," ती म्हणाली. "वर्षभर आमच्याकडे निरूपण कमी आणि भांडणच जास्त. त्या वरच्या बाईशी."

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहायची. मोटरवर चालणारं मशीन होतं तिचं. दादाचं म्हणणं, की ती मोटर सुरू झाली की विजेच्या तारांतून घाण खाली येते आणि स्पीकरमध्ये बाबांच्या अंगावर पडते. निरूपण लावायचं, पद सुरू व्हायचं, पहिली ओळ झाली की खरखर, आणि दादा रेकॉर्डर बंद करून तणतणत वर. "बरोबर पदाच्या वेळेला पाय दाबते ही! मुद्दाम!" शेवटी त्याने सोसायटीत अर्ज देऊन तिचं संध्याकाळचं मशीन बंद करवलं होतं. त्या बाईची बरीचशी गिऱ्हाइकं तुटली. तरी खरखर होतीच. दादा म्हणायचा, चोरून चालवते.

"आज तिला सकाळीच दम दिलाय," दादा म्हणाला. "चला, बसा सगळे."

त्याने बटण दाबलं आणि बाबा खोलीत आले.

आवाजाची ही एक निर्दय गोष्ट असते. फोटोत माणूस गेलेलाच असतो, पण आवाजात तो आत्ताच पाणी पिऊन आल्यासारखा असतो. बाबा खाकरले. काकांची बोटं मांडीवर आपोआप हलली. बाबा एका म्हाताऱ्या वाटसरूची गोष्ट सांगू लागले, की हा माणूस देवाच्या गावाला निघालाय, आणि गाव काही येत नाही. मध्येच कुणीतरी ऐकणारा शिंकला तर म्हणाले, "बघा, यालाही पटलं." खोलीत सगळे हसले. ज्यांनी तो विनोद तेव्हा ऐकला होता तेही पुन्हा हसले.

मग पेटीने सूर धरला आणि बाबांनी पद उचललं.

*चालुन चालुन पाय दमले, गाव राहिले—*

तड्-तड्-तड्, तड्-तड्-तड्, घर्रर्रर्र.

स्पीकरमधून कुणी पत्रा फाडावा तसा आवाज आला आणि बाबा त्याच्या खाली गेले. पेटीवाल्या काकांनी दचकून कानावर हात नेला. दादाने रेकॉर्डर बंद केला. "पाहिलंत? पाहिलंत ना? आज, आजच्या दिवशीसुद्धा!" आणि खिडकीतून मान वर करून ओरडला, "अहो बाई! लाज आहे का काही?"

वरून जिन्यात चपला वाजल्या. शिवणवाली स्वतःच खाली आली. गळ्यात मोजपट्टी होती आणि डोळ्यांत वर्षभराचा राग.

"माझं मशीन परवापासून दुरुस्तीला गेलंय," ती दारातूनच म्हणाली. "वर नुसतं टेबल आहे. टेबलाचाही आवाज येतो का तुमच्या वडिलांना?"

वहिनीने तिला आत बोलावलं. ती आत येईना आणि जाईनाही. उंबऱ्यावरच उभी राहिली, आता पुढे काय होतं ते बघायला. तिचा हक्कच होता तो.

"मग घरातलंच काहीतरी असेल," दादा पुटपुटला. "ट्यूबलाइट बंद करा. फ्रिज बंद करा."

"दूध नासेल," वहिनी म्हणाली.

"नासू दे! सगळ्यांनी फोन काढा, स्वयंपाकघरात नेऊन ठेवा."

सगळ्यांचे फोन एका परातीत गोळा होऊन आत गेले. दादाने निरूपण थोडं मागे घेतलं. पुन्हा वाटसरू निघाला, पुन्हा कुणी शिंकलं. या वेळी कुणी हसलं नाही. पुन्हा पेटीने सूर धरला.

*—गाव राहिले—*

तड्-तड्-तड्, तड्-तड्-तड्, घर्रर्रर्र.

दादाचा हात बटणाकडे गेला. पण त्याआधीच धाकटी उठली होती आणि तिने त्याचं मनगट धरलं होतं.

"थांब. बंद नको करूस."

"अगं, पण..."

"त्याच अक्षराला आली, दादा. मघाशीही 'राहिले'लाच. ही वरून येत नाहीये आणि खालूनही नाही. ही आतच आहे, उतरवतानाच बसलेली." तिचा आवाज कामावरच्यासारखा कोरडा झाला होता. "आणि मी ही दिवसातून दहा वेळा ऐकते. काका, तुम्ही सांगा, तुमच्या यंत्रात असं कधी होतं?"

"फोन वाजायच्या आधी," पेटीवाले काका म्हणाले. "आधी कानात तडतडतं. मग फोन वाजतो."

असंच आहे ते. फोन आला की तो वाजण्याच्या क्षणभर आधी टॉवरशी बोलू लागतो, आणि जवळ एखादी उघडीबोडकी वायर असली तर ते बोलणं तिच्यात शिरतं. घंटा बंद ठेवली तरी हे बंद होत नाही. उलट माणसाला ऐकू न जाणारी हाक त्या वायरीला ऐकू जाते. धाकटी हे रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगत असे.

"त्या दुपारी उतरवताना फोन कुठे होता तुझा?"

"असेल इथेच कुठेतरी. टेबलावर."

"टेबलावर म्हणजे टेपच्या अंगावर. पालथा. घंटा बंद करून."

स्पीकरमधली घरघर थांबली होती. बाबा आता पहिल्या ओळीचा अर्थ सांगत होते, की पाय दमतात त्याला इलाज नाही, पण दमल्याची लाज वाटायला लागली की माणूस हाक मारायचा थांबतो. धाकटीने मनगट सोडलं नव्हतं. तिने डोळे मिटले. आत्ता पाणी. चमच्याने, थोडं थोडं, हनुवटीवरून ओघळलेलं पुसत. आणि आता—

तड्-तड्-तड्, घर्रर्रर्र.

"ही मी," धाकटी म्हणाली.

वहिनीने पदर तोंडाला लावला. पुन्हा निरूपण. आत्ता कुशीवर वळवलं, पाठीखाली उशी दिली, बाबा म्हणाले, पुन्हा लाव.

घर्रर्रर्र.

"हीही मीच. बाबा माझ्या फोनकडे बघत होते, दादा. त्यांना वाटत होतं तू उचलशील."

"टॉवर..." दादाने सुरुवात केली.

"टॉवर बंद असता तर ही खरखर कुठून आली असती?"

दारातल्या शिवणवालीला आतलं सगळं कळलं नसेल, पण पुरेसं कळलं. ती वहिनीकडे बघून हळूच म्हणाली, "म्हणजे वर्षभर हे मला बोलत होते ते..." आणि पुढचं वाक्य तिने सोडून दिलं. ज्याच्यासाठी इतके दिवस जपून ठेवलं होतं, तो माणूसच तिला आता त्या वाक्याच्या लायकीचा वाटला नसावा.

मग एकदाच, अगदी थोडकी तडतड झाली. एखाद्याने दारावर नुसती नखं वाजवून परत जावं तेवढी.

"हा निरोप," धाकटी म्हणाली. "'बाबा विचारतायत.' वाचला होतास ना?"

त्यानंतर आवाज लख्ख झाला. फोन करणारीच आता थांबली होती. बाबांनी श्वास घेतला, पेटी एक पायरी खाली उतरली, आणि सबंध पद बाबांनी संथपणे, एकेक शब्द हातात देत म्हटलं.

*चालुन चालुन पाय दमले, गाव राहिले दूर,*
*अर्ध्या वाटेवर ये देवा, सरला माझा सूर.*

आणि पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा. ध्रुवपदच होतं ते. वर्षभर जी ओळ ऐकूच येत नाही असं दादा सांगत होता, ती खरखरीच्या पलीकडे दोन पावलांवर उभी होती. तो प्रत्येक वेळी अलीकडूनच तणतणत उठून गेला होता. आणि त्या दुपारी तर ती याच खोलीत, याच्याच कानाशी चालली होती. फोन उचलून नुसता स्पीकरपुढे धरला असता तरी बाबांची ओळ बाबांना मिळाली असती.

दादाने रेकॉर्डर बंद केला. या वेळी कुणी अडवलं नाही.

"मला काय माहीत बाबा विचारतायत," तो म्हणाला. तो रडत नव्हता. चिडला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "तुझं नाव आलं फोनवर. मला वाटलं तू आहेस."

"मीच होते."

"म्हणजे नेहमीसारखं... 'कधी नेतोस, कधी नेतोस.' मला वाटलं, एवढं उतरवून होऊ दे, मग बोलू. मी तरी दुसरं काय करत होतो? त्यांचंच काम करत होतो ना?"

"हो," धाकटी म्हणाली. "त्यांचा आवाज हवा होता तुला. ते नको होते."

पेटीवाल्या काकांनी कानातलं यंत्र काढलं, खिशातल्या डबीत ठेवलं आणि डबी मिटली. "मला ऐकू येत नाही," ते कुणालाही न सांगितल्यासारखं म्हणाले, आणि काठी शोधू लागले. बाकीचेही उठले. देवाच्या योजनेची गोष्ट ज्यांनी गावभर केली होती, ते सगळ्यांत आधी उठले. शिवणवाली केव्हा वर गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

धाकटीने पिशवीतून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवली. दादाने ती लावली. प्रत होईपर्यंत दोघं भाऊबहीण एकाच टेबलाशी उभी होती. मध्ये बाबांचा फोटो होता. मग दादा खालच्या आवाजात म्हणाला, "धाकटे, आता हे काढून टाकता येतं. कॉम्प्युटरवर. तेवढी खरखर अलगद उचलतात, मागे पत्ताही लागत नाही. काढून देऊ का तुला?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच मदत करायची होती. तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

"तुझ्यातली काढ," ती म्हणाली. "माझ्यातली राहू दे. त्यांनी मारलेली शेवटची हाक आहे ती. त्या दिवसाचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही."

*

त्यानंतर पुष्कळ दिवस गेले. बाबांची खोली आता धाकटीची बसायची खोली झाली होती. खाटेच्या जागी तिने एक छोटा स्पीकर ठेवला होता आणि कामावरून आल्यावर, पाय वर घेऊन, ती निरूपण लावायची. खरखर आली की ती बंद करत नसे. उलट तिचीच वाट बघायची. ही मी. हे पाणी. ही पुन्हा मी. मग तो निरोप, आणि मग लख्ख झालेली ओळ. ऐकता ऐकता ती बाबांच्या रिकाम्या जागेकडे बघून ओळ म्हणायची. सांगते म्हणाली होती, म्हणून.

त्या संध्याकाळी बाबा नुकतेच वाटसरूला घेऊन निघाले होते. पद यायला अवकाश होता. कुणी शिंकलं. बाबा म्हणाले, "बघा, यालाही—"

तड्-तड्-तड्, तड्-तड्-तड्.

धाकटी सावरून बसली. इथे खरखर नव्हती. या ठिकाणी कधीच नव्हती. तिला आता ते निरूपण श्वासानिशी पाठ होतं.

स्पीकरशेजारी तिचा फोन पडला होता. घंटा बंद. क्षणभराने त्याची काच उजळली आणि तिच्यावर नाव आलं: दादा.

प्रत घेऊन दादाकडून परतताना तिने देवाला विचारलं होतं, की बापाचा फोन न उचलण्याइतकं माणसाचं मन घट्ट होतं तरी कसं? आता ते तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. काही घट्टबिट्ट व्हावं लागत नाही. नुसतं बसून राहायचं असतं. मनात येतं, एवढं होऊ दे, मग बोलू.

घर्रर्रर्र, असं बाबांच्या अंगावरून वाजत राहिलं. विनोद त्याखाली बुडाला. तिने हात पुढे केला आणि फोन पालथा घातला.

मग ती ओळीची वाट बघत बसली.